व्याही आणि शेंडेनक्षत्र

३ फेब्रुवारी

दगडवाले व्याहीबुवा,

नमस्कार. तुम्ही पाठवलेला तुकडा सुखरूप पोचला. खोका दुकानाच्या काउंटरवर ठेवता ठेवता पोस्टमननं विचारलं, "काय हो, चष्म्यात आता दगड बसवता का?" म्हटलं, "हा साधा दगड नाही, अशनी आहे. आकाशातून पडलाय." तर म्हणतो, "मग पोस्टानं कशाला आला?" मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचलं तर कळवा.

आता माझ्याकडची बातमी. नवा धूमकेतू आलाय. मोठ्या दुर्बिणीवाल्यांनी तो आधीच टिपला होता, पण परवा संध्याकाळी दुकान बंद करून गच्चीवर गेलो आणि माझ्या या जुनाट दुर्बिणीतूनही दिसला. दिसला म्हणजे काय, काचेवर बोटाचा डाग पडावा तसा. थेट पाहिलं की गायब, नजर जरा बाजूला नेली की हजर. आयुष्य काचा पुसण्यात गेलंय, तेव्हा आधी काच पुसली. डाग काचेवर नव्हता. सगळं जुळून आलं तर एप्रिलमध्ये तो नुसत्या डोळ्यांनी दिसेल म्हणतात. धूमकेतूंचा काही भरवसा नसतो, गाजावाजा करून येतात आणि ऐन वेळी फुसके निघतात. पण मी आपली आशा धरून आहे.

ही म्हणते, "शेंडेनक्षत्र ते! घराकडे बघत उगवलं की घरात काहीतरी होतंच." तुमच्या विहीणबाईंची ही मतं तुम्हाला नवी नाहीत. मुलांच्या लग्नात सगळे जेवायला बसलेले असताना तुम्ही खिशातून काळा दगड काढून माझ्या हातावर ठेवला होतात. "मुलाचा बाप दगड देतोय, पुढचं दिसतंच आहे," असं ही तेव्हाच म्हणाली होती. आपली मैत्री मात्र त्या दगडावरच उभी राहिली.

बाकी क्षेम. आमची मुलगी आपल्या नातीला, भिंगरीला, घेऊन आठ दिवसांसाठी आली आहे. सहजच. भिंगरीनं दुकानाचा ताबा घेतलाय. जावईबापू कामात असतील, तुम्हाला माहीत असेलच.

फोनच करणार होतो, पण तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून मी ओरडतो, आणि मग आपलं बोलणं सगळ्या गल्लीचं होतं. पत्रच बरं.

तुमचा
चष्मेवाला


१२ फेब्रुवारी

चष्मेवाले,

पोस्टमनला सांगा, आकाशातून नुसतं पडता येतं, पत्ता शोधता येत नाही.

धूमकेतूबद्दल अभिनंदन. इकडे काल खाणीवरचा एक ट्रकवाला दगड घेऊन आला. काळाकुट्ट, वजनदार, चुंबकाला चिकटणारा. मलाही क्षणभर मोह झाला. कानशीनं कोपरा घासला तर आत बुडबुडेच बुडबुडे. भट्टीतली मळी. सिमेंटच्या कारखान्यात प्रयोगशाळेत जन्म गेला, भट्टीतून काय निघतं ते मला कळतं. म्हणाला, "साहेब, पडताना मी या डोळ्यांनी पाहिला हो!" म्हटलं, पडताना पाहिलंस ते खरं, उचललास तो दगड दुसरा. बिचारा हिरमुसला. शंभरातले नव्याण्णव असेच निघतात.

सूनबाई तुमच्याकडे आली आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. रविवारी मुलाचा फोन आला होता. भिंगरी कुठे विचारलं तर म्हणाला, आईबरोबर बाहेर गेलीय. बाहेर म्हणजे बाजारात, असं मी समजलो.

तुमचं पत्र हिला वाचून दाखवलेलं नाही. आठ दिवस संपले की ती परत गेली का, एवढं कळवा.

दगडवाला


२१ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

गेली नाही. सोमवारी तिनं भिंगरीला इथल्या शाळेत घातलं. शाळेत घालणं म्हणजे आठ दिवस नव्हेत, एवढं मलाही कळतं.

मी विचारलं. बापानं विचारायचं ते सगळं विचारलं. "भांडलात का?" नाही. "हात उगारला?" "बाबा, काहीतरीच काय!" "दारू? दुसरी कोणी?" "नाही हो. तो चांगला माणूस आहे." मग झालं तरी काय? तर म्हणाली, "जेवायला बसलो की आम्हाला बोलायला काही सापडत नाही. टीव्ही बंद केला तर फक्त भिंगरीच्या चमच्याचा आवाज येतो. दोन वर्षं झाली, बाबा. आता मला तो आवाज सहन होत नाही."

आता यावर काय बोलायचं? नवरा मारत असता तर मी काठी घेऊन उभा राहिलो असतो. दारू पीत असता तर तुमच्याकडे गाऱ्हाणं आणलं असतं. ही तक्रार घेऊन माणसानं जायचं कोणाकडे?

तुमच्या विहीणबाई सकाळपासून भांडी आपटतात. त्यांच्या मते चूक तुमच्या मुलाची. मला तसं वाटत नाही, पण आमच्या घरात सध्या तसं वाटून घ्यायची सोय नाही. तुम्ही एकदा मुलाशी बोला. तुमचं तो ऐकेल.

धूमकेतू वाढतोय. काल तो दिसायला नजर बाजूला न्यावी लागली नाही.

चष्मेवाला


४ मार्च

चष्मेवाले,

मुलाच्या घरी जाऊन आलो. न कळवता गेलो. दार उघडलं तेव्हा त्याच्या हातात इस्त्री होती. भिंगरीचे राहून गेलेले कपडे इस्त्री करून तुमच्याकडे पाठवत होता. सात वर्षांच्या पोरीच्या फ्रॉकची घडी घालता येत नव्हती, तीनतीनदा मोडत होता.

मी म्हटलं, "अरे, हे काय चाललंय?" म्हणाला, "बाबा, तुम्ही यात पडू नका." म्हटलं, पडलो कुठे, मी अजून दारातच उभा आहे. हसला नाही. चहा केला, बिस्किटं दिली, तो बांधतोय त्या पुलाच्या कामाचं काहीबाही सांगितलं. बायकोबद्दल विचारलं तर म्हणतो, "ती चांगली आहे." दोघंही चांगली. मग आपण कोणाचा कान धरायचा? निघताना मला बसपर्यंत सोडायला आला आणि बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला.

तुमच्या विहीणबाईंना आता सांगितलंय. त्यांच्या मते चूक तुमच्या मुलीची.

एक सुचतंय. तुमचा धूमकेतू एप्रिलमध्ये नीट दिसणार ना? आमच्या घरामागे पश्चिमेला सगळं उघडं माळरान आहे, आणि कारखाना बंद पडल्यापासून तिकडे दिवाही नाही. भिंगरीला धूमकेतू दाखवायचा म्हणून सगळ्यांनी इकडे या. मी मुलालाही बोलावतो. समोरासमोर आली तर बोलतील. न बोलायला तिथे टीव्हीसुद्धा नसेल.

दगडवाला


१९ मार्च

व्याहीबुवा,

तुमची कल्पना मला इतकी आवडली की त्या रात्री झोप लागली नाही. मुलगी तयार आहे. भिंगरीनं हट्टच धरलाय. जावईबापू येणार हे मी दोघींनाही सांगितलेलं नाही, आणि हिला तर मुळीच नाही. तुम्हीही मुलाला आम्ही येणार हे सांगू नका. मी खोटं बोललो की माझे कान लाल होतात, म्हणून सध्या घरात टोपी घालून वावरतो.

आमच्या जेवणाचा त्रास विहीणबाईंना नको, आम्ही डबा आणू. दोघी विहिणींना मात्र एकमेकींशेजारी बसवू नका. मध्ये तुम्ही बसा. तुम्हाला ऐकू येत नाही, त्याचा तेवढाच उपयोग.

मला मनापासून वाटतं, जमेल. इतकं चांगलं आकाश आणि इतकी चांगली पोरं.

चष्मेवाला


१७ एप्रिल

व्याहीबुवा,

जमलं! दुकान उघडायचं म्हणून आम्ही दोघं पहाटेच निघालो, तुम्ही झोपला होतात, म्हणून पोचल्या पोचल्या लिहायला बसलो.

मुलगी गाडीतून उतरली आणि समोर नवऱ्याला बघून तिनं माझ्याकडे जे पाहिलं, ते मी जन्मात विसरणार नाही. कोर्टात उभं राहिल्यासारखं वाटलं. पण मग अंधारू लागलं, धूमकेतू क्षितिजाच्या वर स्पष्ट दिसायला लागला, आणि सगळी तिकडेच बघत राहिली. मी चाळीस वर्षं आकाश बघतोय व्याहीबुवा, असा धूमकेतू पाहिला नव्हता. खडूनं ओढून मग बोट फिरवावं तशी शेपटी. भिंगरी बापाच्या खांद्यावर बसली होती. हीसुद्धा म्हणाली, "दिसायला छान आहे हो मेलं."

आणि नंतर ती दोघं पाण्याच्या टाकीपाशी गेली ते तुम्ही पाहिलंत ना? मी इकडे भिंगरीला दुर्बीण धरून देत होतो, पण माझं सगळं लक्ष तिकडेच. केवढा वेळ बोलत होती! एकदा तो हसला. एकदा तिनं त्याच्या दंडावर हात ठेवला. मी हळूच हिला म्हटलं, "बघ, बघ." गाडीत हिला रडू कोसळलं, आनंदानं हो. म्हणाली, "सकाळी नीट बोलून घेतील आणि पोरगी परस्पर आपल्या घरी जाईल."

तुमचे उपकार कसे फेडू? मुलगी काय म्हणाली, जावईबापू काय म्हणाले, सगळं सविस्तर कळवा. एक अक्षर गाळू नका.

चष्मेवाला


१९ एप्रिल

चष्मेवाले,

तुमचं पत्र आत्ता आलं. मुलगी तुमच्याकडे पोचली असेल आणि तिनं सांगितलंही असेल. तरी मी लिहितो, कारण तुम्ही मला सविस्तर लिहायला सांगितलंय.

तुम्ही गेल्यावर दोघं एकत्रच आमच्यासमोर येऊन बसली. भिंगरीला अंगणात पिटाळलं. मुलगा म्हणाला, "बाबा, आमचं ठरलं." मलाही तुमच्यासारखंच वाटलं. मी हिला म्हटलंसुद्धा, साखर आण. मग सूनबाई म्हणाली, "आबा, साखर नको." तिला परदेशातल्या इस्पितळात फिजिओथेरपीची नोकरी मिळते आहे. पत्र येऊन पडलं होतं, पण भिंगरीला नेण्याचा विषय नवऱ्याकडे काढायचा कसा, हे तिला कळत नव्हतं. टाकीपाशी तिनं काढला. तो हो म्हणाला. घटस्फोटाच्या कागदांवर सह्या सहमतीनं करणार, सुटीत भिंगरी इकडे येणार, सगळं ठरवलं. हसला तो यासाठी की इतके महिने घाबरत होतो आणि बोलायला एवढासाच वेळ लागला.

मुलानं माझा हात धरला. म्हणाला, "तुम्ही दोघांनी बोलावलंत म्हणून आम्हाला बोलता आलं. नाहीतर असेच कुजत राहिलो असतो."

म्हणजे हे आपण केलं, चष्मेवाले. आपण दोघांनी मिळून.

काय बोलणार होतो? दोघांचे चेहरे इतके हलके झाले होते. सूनबाई वाकून नमस्कार करायला आली तेव्हा तुमच्या विहीणबाई उठून आत गेल्या.

दगडवाला


६ मे

व्याहीबुवा,

पत्राला उशीर झाला. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही.

मुलगी घरात गाणी गुणगुणते. दोन वर्षांत तिला असं पाहिलं नव्हतं. मी काय करू? आनंद मानू? गुणगुणणं ऐकलं की ही पदराला डोळे पुसते आणि मी दुकानात येऊन बसतो. काल एका गिऱ्हाइकाला डावी काच उजवीकडे घालून दिली.

हिनं फर्मान काढलंय. "आता कसले व्याही? त्यांचा आपला संबंध संपला. पत्रंबित्रं बंद." तिच्या मते हे सगळं त्या शेंडेनक्षत्रानं केलं. म्हटलं, अगं, त्या बिचाऱ्याला आपलं घर कुठंय तेही माहीत नाही. तर म्हणाली, "मग तुम्ही दोघांनी केलं."

हे पत्र मी दुकानात बसून लिहितोय.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात दोघी जाणार. धूमकेतू आता उतरणीला लागलाय, पुन्हा दुर्बीण लागते. पण गच्चीवर जाववत नाही. भिंगरी एकटीच जाते आणि खाली येऊन मला सांगते, "आजोबा, आहे अजून."

चष्मेवाला


२० मे

चष्मेवाले,

दुकानाच्या पत्त्यावर लिहितोय.

एक मागणं आहे. मागायचा हक्क आहे की नाही, माहीत नाही. जाण्याआधी भिंगरीला एकदा भेटायचंय. मुलगा म्हणतो, "मी घेऊन येईन, बाबा," पण त्याचं पुलाचं काम आणि पावसाच्या आधीची घाई, मला खात्री वाटत नाही. तुमच्या विहीणबाई यायच्या नाहीत. म्हणतात, नुसतं बघून परत यायचं तर जीव आणखी जाईल. मी मात्र नुसतं बघायलाही तयार आहे.

तुमच्या दारात येऊन तुमच्या घरात तमाशा व्हावा असं मला वाटत नाही. नको असेल तर तसं लिहा. वाईट वाटणार नाही. म्हणजे वाटेल, पण समजून घेईन.

दगडवाला


२८ मे

व्याहीबुवा,

तुमचं पत्र वाचून मला माझीच लाज वाटली. आजोबानं नातीला भेटायला परवानगी मागावी, आणि मी ती घरात उघडपणे देऊ शकू नये!

हिच्याशी बोलायला तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. म्हणून असं करा. पुढच्या मंगळवारी दुपारी दुकानात या. गिऱ्हाईक म्हणून या. डोळे तपासायचे आहेत म्हणा, गिऱ्हाइकाला कोणी अडवत नाही. त्या वेळी ही वरच्या खोलीत पडलेली असते. मुलीला सांगितलंय, ती भिंगरीला घेऊन खाली येईल.

पन्नाशी उलटून गेलेली दोन माणसं ही, आणि शाळा बुडवणाऱ्या पोरांसारखे बेत करतायत. हसू नका.

चष्मेवाला


१४ जून

चष्मेवाले,

त्या दिवशी तुमचे आभार मानायचे राहिले. तुम्ही दोन गोष्टी पाहिल्या नाहीत, त्या सांगतो.

पहिली. तुम्ही मला तपासणीची ती लोखंडी फ्रेम चढवून काचा आणायला आत गेलात. समोरच्या पाटीवरचं एकही अक्षर मला दिसेना. डोळ्यांचा दोष नव्हता तो, पाणी होतं. भिंगरीला वाटलं, आबांना वाचता येत नाही. ती माझ्या मांडीवर चढली आणि चांगल्या कानात एकेक अक्षर हळूच सांगायला लागली, तुम्हाला कळू नये म्हणून. तेव्हा तुम्ही मला जो नंबर काढून दिलात तो तिच्या डोळ्यांचा आहे.

मग मी तिला खिशातला अशनीचा दगड दिला. माझ्याजवळचे बाकीचे विकत घेतलेले, अदलाबदलीतले. तो एकच मला स्वतःला माळावर सापडलेला, तोही उभा जन्म पायपीट केल्यावर. तिनं वास घेतला, नखानं खरवडला. विचारलं, "आबा, याला परत वर जायचं असलं तर?" मी म्हटलं, जे पडलं ते पडलं, परत वर जाता येत नाही. ती म्हणाली, "आम्ही विमानातून नेतोय ना त्याला."

दुसरी गोष्ट. मी निघालो तेव्हा तुम्ही आत काचा ठेवत होतात आणि जिन्यात तुमची मंडळी उभी होती. किती वेळ उभी होती, देव जाणे. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. ती म्हणाली, "चहा न घेता चाललात?" म्हटलं, मी गिऱ्हाईक आहे. तर म्हणाली, "गिऱ्हाइकाचे डोळे असे लाल नसतात." आणि रडायला लागली. मीही. सूनबाई काउंटरमागे आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. चहा झालाच नाही. माझी बस होती.

रागावू नका तिच्यावर. तीही आपल्यासारखीच आहे. तिच्या हातातही काही नाही.

दगडवाला


९ जुलै

मायना काय लिहावा ते कळेना, म्हणून जागा मोकळी सोडली आहे. तुम्हीच भरा.

सहा महिने थांबायची अट कोर्टानं माफ केली आणि कागद आला. तुमचा मुलगा आता आमचा जावई नाही, आमची मुलगी तुमची सून नाही. भिंगरी कधी कोणाकडे राहील, सुटीत कुठे येईल, सगळं नीट लिहिलंय. तुमच्यामाझ्याबद्दल मात्र एक अक्षर नाही. मी दोनदा शोधलं.

परवा दोघी गेल्या. तुमचा मुलगा विमानतळावर आला होता, तुम्हाला सांगितलं असेलच. भिंगरीची बॅग त्यानंच उचलली. तिच्या बुटाची नाडी त्यानंच बांधली, आणि बांधून झाल्यावरही जरा वेळ तसाच बसून राहिला. मी त्याला "चला जावईबापू" म्हणून गेलो आणि जीभ चावली. तो म्हणाला, "असू दे हो, बाबा."

आत जाताना भिंगरी मागे वळून बघेल म्हणून आम्ही तिघं काचेपाशी हात वर करून उभे होतो. ती वळली नाही. तिला सरकता जिना दिसला होता. मुलगी वळली, हात हलवला, आणि मग गर्दी मध्ये आली. हात खाली घ्यायचं आम्हाला बराच वेळ सुचलं नाही.

फोन आला होता काल. पोचल्या. तिथे म्हणे आभाळ सारखं भरलेलं असतं. धूमकेतू माझ्या दुर्बिणीत आता दिसत नाही. मोठ्या दुर्बिणीवाल्यांना अजून दिसतो म्हणतात.

ही मघाशी दुकानात येऊन माझ्यासमोर बसली. पत्र लिहिताना मला तिनं पकडलं. मी लपवायला गेलो तर म्हणाली, "लिहा लिहा. विहीणबाईंची तब्येत विचारा." विहीणबाईच म्हणाली. मी सुधारलं नाही.

आता कामाचं. तुमचा चष्मा तयार आहे. नंबर भिंगरीचा नाही, काळजी नसावी. तुमचं फसवणं मला तेव्हाच कळलं होतं, आणि त्या आधी मी यंत्रावर डोळे बघून घेतले होते. पण चष्मा पोस्टानं पाठवणार नाही. फ्रेम नाकावर बसवून, दांड्या कानामागे जराजरा वाकवून, माणसाला पुन्हापुन्हा विचारत द्यावी लागते. माणूस समोर बसल्याशिवाय ते होत नाही.

चष्मेवाला